जीपच्या पोटातला पाहुणा

"नीघ! नीघ! नीघ बाहेर!"

आकमात आके आमच्या जीपच्या ड्रायव्हर-सीटवर बसून ओरडत होते आणि अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं गाव लोटलं होतं. पोरंसोरं भिंतीवर चढली होती. पलीकडच्या गल्लीतले एक आजोबा तर गाढवावरून खालीच उतरले नाहीत. म्हणाले, राहू दे, इथून छान दिसतंय. चारी चाकांशी डोंगरातल्या आर्चा झाडाच्या हिरव्या डहाळ्या धुमसत होत्या आणि त्या धुरात आमची जुनी जीप कुणीतरी चुलीवर शिजत ठेवल्यासारखी दिसत होती.

आके म्हणजे साधा माणूस नव्हे. ते कोझू-आचिक, डोळे उघडलेले. बाकीच्यांना दिसत नाही ते त्यांना दिसतं. असं ते स्वतःच सांगतात, त्यामुळे बातमी पक्की. डोक्यावर उंच पांढरा कल्पाक, हातात चाबूक, तोंडात वरच्या बाजूला सोन्याचे दात.

"दिसला!" त्यांनी स्टिअरिंगखाली वाकून पाहिलं. "बायबिचे, तुमच्या गाडीच्या पोटात पाहुणा बसलाय."

बायबिचे म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना अपा म्हणते. अपांनी ओढणीचं टोक तोंडावर धरलं. "कसला पाहुणा, आके?"

"जिन. तोही साधासुधा नाही, तेलकट. घोड्यांच्या काळात हे लोक लगामाला लोंबकळायचे. लगाम गेले, ब्रेक आले. मग तेही काळाप्रमाणे बदलले. बसलाय आत आणि ब्रेक पितोय. घटाघटा!"

"घटाघटा," गर्दीतलं कुणीतरी हळूच म्हणालं.

आक्यांनी डोळे मिटले, गाल फुगवले आणि स्टिअरिंगवर जोरात फुंकर मारली. मग सुरू झाले. "नीघ! नीघ! नीघ! तुझ्या सात पिढ्यांसकट नीघ! खिंडीतल्या दगडात जा! नदीतल्या फेसात जा! नीघ! नीघ!" प्रत्येक 'नीघ'ला त्यांचं सगळं अंग हिसका घेत होतं आणि गाडी खालीवर होत होती. शेवटी ते घामाघूम होऊन थांबले, एक पाय पॅडलवर तसाच ठेवून त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं.

"ये बाळा एर्मेक. मी पाय काढतो, तू तुझा ठेव. लगेच ठेव, नाहीतर तो परत घुसेल."

एर्मेकनं पाय ठेवला, दाबला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्याची दयाच आली. आठवडाभर हा माणूस जीपखाली उताणा पडून होता. ब्रेकचं पॅडल लोण्यात बोट बुडावं तसं तळाला जात होतं. आणि आता?

"दगड!" तो म्हणाला. "अपा, दगड झालाय!"

अंगणात एकच गलका उठला. बायकांनी डोळे पुसले. शेजारच्या जुमागुल एजेनं आपल्या घरच्या रेडिओतही पाहुणा असेल का, म्हणून चौकशी केली.

"आणि हा घरात शिरला कसा?" अपांनी विचारलं.

आक्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून टेकवली. मी बाळाचा पाळणा ठेवलेल्या पडवीत उभी होते. "केलिननं सूर्य बुडताना राखेच्या ढिगावरून उडी मारली."

केलिन म्हणजे मी, घरची सून. बाळंत होऊन मला दोन महिने झाले होते. उडी मारायचं सोडा, खाली पडलेला चमचा उचलायलासुद्धा मी आधी थोडा विचार करत होते. पण आमच्याकडे चार वडीलधाऱ्यांसमोर सून बोलत नाही.

"तोच पाहुणा जाता-येता बाळाच्या पोटातही बसतो," आके म्हणाले. "पोर दूध प्यायल्यावर किंचाळते ना? पाय पोटाशी घेते ना?"

अपांनी माझ्याकडे पाहिलं. घेत होती खरी. आमची बेगिमाय दूध प्यायली की थोड्या वेळानं लालबुंद होऊन रडायची.

"गाडी आणि बाळ, दोघांचं मिळून मी एकच बकरं घेईन," आके म्हणाले. "पांढऱ्या कपाळाचं. शेजारधर्म आहे शेवटी."

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते.

दर उन्हाळ्यात आम्ही कारागाय खिंड ओलांडून पलीकडच्या कुरणावर, जायलोवर जातो. सासरे मेंढ्या घेऊन आधीच वर गेले होते. पीठ, मीठ, भांडीकुंडी, बाळ आणि आम्ही तिघं, असे जीपनं मागून जाणार होतो. खिंडीचा चढ काही नाही. पलीकडचा उतार मात्र नागासारखा वळणावळणांचा आहे. अपांचा धाकटा भाऊ त्याच उतारावर ट्रकसकट गेला. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, तरी त्या वळणावर आलं की अपा दर वेळी गाडीच्या खिडकीला हात लावून ओठ हलवतात. म्हणून एर्मेक या वर्षी म्हणाला, निघायच्या आधी ब्रेक नीट करतो.

ब्रेकचं काम असं: पॅडलवर पाय दिला की नळ्यांमधलं तेल पुढे ढकललं जातं आणि चाकापाशी असलेले कॅलिपर मूठ आवळल्यासारखे चाकाच्या लोखंडी थाळीला आवळतात. पुढच्या दोन्ही चाकांच्या कॅलिपरमधून तेल झिरपत होतं. एर्मेकनं दोन्ही काढले आणि बाहेर वारा बोचरा होता म्हणून आत शेगडीजवळ लोकरीच्या नमद्यावर मांडून बसला. आतले रबर बदलले, घासूनपुसून लख्ख केले. मग सगळं परत बसवलं.

असं काम केलं की नळ्यांत हवा शिरते. ती काढायची असते. त्याला दोन माणसं लागतात. एक वर पॅडल दाबतं, दुसरं खाली कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू सैल करतं. स्क्रूला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलेलं. हवा असली की बुडबुडे येतात. वरचं माणूस अर्थातच मी, पाठीला बेगिमाय बांधलेली.

"दाब!"

"दाबलं!"

"धरून ठेव!"

"धरलंय!"

"सोड! अगं, मी सांगायच्या आधी कशाला सोडलंस?"

"तूच म्हणालास सोड!"

"मी स्क्रूला म्हणालो!"

असं आमचं आठवडाभर चाललं. वरच्या डबीतलं तेल कधी कमी होऊ दिलं नाही, बाटल्यांवर बाटल्या तेल उतरवलं. बुडबुडा म्हणून नाही. नळीतून स्वच्छ तेल यायचं आणि पॅडल मात्र तळाला. एर्मेक रडवेला झाला. तेव्हा अपांनी आक्यांना बोलावणं धाडलं.

अपांना मी दोष देत नाही. भावाचं वळण ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे, त्यांना कुणीतरी "मी बघतो" म्हटलं की बरं वाटणारच.

तर चमत्कार झाला. गर्दी पांगली, आके, जुमागुल एजे आणि आणखी दोघं-चौघं चहाला आत बसले. बकरं बाहेर खुंट्याला बांधलं. दुपार होत होती. उद्या सकाळी निघायचं ठरलं. अपांनी मला पिठाची पोती गाडीत टाकायला सांगितली.

पोतं टाकलं, आणि का कुणास ठाऊक, मी ड्रायव्हरच्या बाजूला गेले. आठवडाभर माझ्या पायाला त्या पॅडलची सवय झाली होती. उभ्याउभ्याच एकदा पाय ठेवला.

पॅडल तळाला गेलं. लोण्यात बोट.

मी पडवीतल्या पाळण्याकडे पाहिलं. बेगिमाय झोपली होती. तिचं टोपडं एका डोळ्यावर आलं होतं. उद्या ती त्या उतारावर माझ्या मांडीवर असणार होती.

मी एर्मेकला खुणेनं बाहेर बोलावलं. "ब्रेक पुन्हा गेलेत."

"काहीतरीच! मघाशी मी स्वतः दाबला." तो बसला, त्यानं पॅडल हाणलं, हाणलं, हाणलं. "हे बघ! दगड."

"पहिल्यांदा कुठवर गेला?"

"पहिल्यांदा जरा गेला. मग आला ना वर?"

मी त्याच्या पायाकडे बघत राहिले. गाडी चालवणाऱ्याचा पाय एकदा दाबून थांबतच नाही. आणि मग माझ्या कानात आके ओरडू लागले. नीघ, नीघ, नीघ. प्रत्येक 'नीघ'ला गाडी खालीवर होत होती. गाडी का खालीवर होत होती?

"एक काम कर," मी म्हटलं, "कुणाला या गाडीला हात लावू देऊ नकोस. चहा होईपर्यंत."

"का?"

"तिला विसावा घेऊ दे."

आमच्याकडे सून पाहुण्याच्या कपात चहा घोटभरच ओतते. कप काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ होतो, आता उठा. त्या दिवशी मी इतका थोडा थोडा चहा ओतला की आके शेवटी कपात डोकावून म्हणाले, "केलिन, चहा मलाही दिसू दे, नुसता उघड्या डोळ्यांना नको."

सगळे हसले. त्या हसण्याच्या आडोशानं मी बोलले.

"आके, एक विनंती होती."

अपांचा कप वाटेतच थांबला. सून बोलली!

"उद्या आमच्याबरोबर चला. खिंड उतरेपर्यंत. पुढच्या सीटवर तुम्हीच बसा. तुम्ही असलात तर पाहुण्याची परत यायची हिंमत होणार नाही."

जुमागुल एजे म्हणाली, "अरे वा, किती चांगलं! आके, जाच तुम्ही."

"उद्या?" आक्यांनी साखरेचा खडा दातात धरला. "उद्या माझा उपास आहे."

"वाटेत काही देणार नाही आम्ही."

"आणि गुडघा. उंचीवर गुडघा धरतो."

"परवा निघू मग," अपा म्हणाल्या. त्या अगदी मनापासून म्हणाल्या. "गुडघ्याला चरबी लावून देते मी. तुम्ही असलात तर माझाही जीव थाऱ्यावर राहील, आके. ते वळण आलं की..."

"बायबिचे, आमच्यासारख्यांनी स्वतः बरं केलेल्या गाडीत बसायचं नसतं. विद्या उतरते."

अपांनी कप खाली ठेवला. त्या चिडल्या नव्हत्या, विचारात पडल्या होत्या. "तुम्ही डागून बरा केलेला घोडा असतो, त्यावर तर तुम्ही बसता. माझ्या दिरानं पाहिलंय."

"घोड्याचं वेगळं."

"कसं?"

आक्यांना कसं ते लगेच दिसलं नाही. मी म्हटलं, "अपा, जरा अंगणात येता? एकदाच पॅडल दाबून बघायचंय. तुम्ही दाबा."

"मी? मी काय ड्रायव्हर आहे?"

"म्हणून तर."

सगळे बाहेर आले. अपा आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या. आधी स्कर्ट सारखा केला, मग आरशात ओढणी. "आता काय?"

"उजवीकडून दुसरं. एकदा दाबा आणि थांबा."

अपांनी दाबलं. "अगंबाई! हे तर आत गेलं!"

"परत आला!" आके गरजले. "म्हटलं होतं मी! बकरं अजून कापलं नाही, म्हणून परत आला! व्हा बाजूला!"

"थांबा आके. अपा, आता पाय उचला आणि दाबत राहा. एकामागून एक. दाबताना मंत्र म्हणा."

"मला कुठला मंत्र येतो, पोरी?"

"काहीही म्हणा. जुमागुल एजेच्या कोंबड्यांना तुम्ही रोज सकाळी जे म्हणता ते."

अपांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली. "मेल्यांनो! माझा कांदा उकरता! दाणे मालकिणीकडे, उकिरडा माझ्याकडे! टाकते एकेकीला पातेल्यात! तुला टाकते! तुला टाकते! त्या लंगडीला..." प्रत्येक कोंबडीला एक लाथ पॅडलवर बसत होती. आणि मध्येच अपा थांबल्या. पाय पॅडलवर, तोंड उघडं.

"दगड," त्या म्हणाल्या.

गाढवावरचे आजोबा अजून गेले नव्हते. ते इतके हसले की गाढव दोन पावलं पुढे सरकलं.

"लंगडी माझी नाहीच मुळी!" जुमागुल एजे म्हणाली. "उतरा, मला बसू द्या." ती चढली, थोडा वेळ पॅडलला विसावा दिला आणि मग आपल्या जावयांची नावं घेत दाबू लागली. सगळे जावई संपेपर्यंत पुन्हा दगड.

आके सहजासहजी हरणारे नव्हते. "मी ओळखलंच होतं," ते म्हणाले, "या दोघी बायांत शक्ती आहे! जुन्या घराण्यातल्या आहेत!"

"माझ्यात?" जुमागुल एजे एकदम ताठ झाली. तिला हे पटायला लागलेलं पाहून मी घाईनं आत पळाले आणि मेंढ्यांना लस टोचायची मोठी सिरिंज घेऊन आले. ती आमच्याकडे प्रत्येक घरात असते. तीत काठोकाठ पाणी भरलं, तोंडावर बोट दाबून धरलं आणि तिच्या हातात दिली. "एजे, दट्ट्या दाबा."

"जात नाही."

"आता." मी थोडं पाणी काढून थोडी हवा आत घेतली. "दाबा."

"जातोय. सोडला की परत येतोय."

"पाणी दबत नाही, हवा दबते. तेलाचंही तसंच. नळीत हवा अडकली की पाय तेल ढकलतो, पण चाक आवळलं जायच्या ऐवजी ती हवाच अंग चोरते. भराभर पाय मारले की मागचं तेल परत जायच्या आत पुढचं येतं, हवा पार आकसते आणि पॅडल कडक लागतं. सोडून द्या, चहा प्या. ती पुन्हा फुगते. जिन नाही, एजे. हवा आहे. आणि उतारावर, वळण समोर आलेलं असताना, जावयांची नावं घेत बसायला वेळ मिळेलच असं नाही."

अपांनी जीपच्या दारावर हात ठेवला होता.

आक्यांनी कल्पाक काढला, टक्कल पुसलं, परत घातला. "छान. मास्तरीणबाई, हवा तर हवा. मग काढा ना ती! तुझ्या नवऱ्यानं आठवडाभर तेलानं अंघोळ केली, त्याला एक बुडबुडा सापडला नाही. हवा असती तर आली नसती?"

आणि खरंच, बुडबुडा एकही आला नव्हता. एर्मेकच्या तोंडावरचा रंग पुन्हा उतरला. त्यानं जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं, नळी लावली, बाटली ठेवली. अपाच पॅडलवर बसल्या. दाबा, धरा, सोडा. स्वच्छ, सुंदर तेल. बुडबुडा नाही.

"बघा," आके म्हणाले.

तेवढ्यात पडवीतून बेगिमायचं किंचाळणं आलं. तिला पाजायची वेळ झाली होती. मी धावले. आमच्या पाळण्यात बाळाला उताणं निजवून रुंद पट्ट्यांनी बांधतात. ते आडवं असतानाच आई पाळण्याच्या दांडीवर ओणवी होऊन पाजते. बाळ हलत नाही, ऊब जात नाही, लगेच झोपतं. अपांनी त्यांची सगळी मुलं अशीच वाढवली. मी पाजलं. ती प्यायली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळात भोंगा. लालबुंद. पाय पट्ट्यांखाली वळवळताहेत.

"हा बघा पाहुणा!" आके अंगणातून ओरडले. "हीसुद्धा हवाच का, मास्तरीणबाई?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं की कशानं कोण जाणे. मी पट्ट्या सोडल्या. "केलिन, उठवू नको, अर्धवट झोपेत आहे," अपा म्हणाल्या, पण मी तिला उचललंच. खांद्यावर उभी धरली. तिचा ओला गाल माझ्या मानेला. पाठीवरून हात फिरवत मी अंगणात आले, थोपटलं, फिरवलं, थोपटलं.

आणि माझ्या एवढ्याशा मुलीनं, सगळ्या वडीलधाऱ्यांच्या देखत, असा काही ढेकर दिला की गाढवानं कान टवकारले.

रडणं तिथल्या तिथे थांबलं. तिनं एक उसासा टाकला आणि माझ्या खांद्यावर झोपून गेली. थोडं दूधही माझ्या ब्लाउजवर आलं.

"माशाल्ला," आजोबा म्हणाले, "ट्रॅक्टरच आहे पोरगी."

मी हसत होते. आडवी होती तेव्हा हवा पोटातच होती. उभी धरली, तोंड वर आलं, हवा सुटली. हसता हसता माझी नजर उघड्या चाकाकडे गेली. कॅलिपरकडे. त्याच्या पार खालच्या अंगाला लावलेल्या नळीकडे.

खालच्या अंगाला.

"एर्मेक!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सुनेनं सासूसमोर नवऱ्याचं नाव घेतलं होतं, तेही किंचाळून. ब्रेक, जिन, ढेकर, सगळं मागे पडलं. जुमागुल एजेनं तर गालावर हात ठेवला.

"अरे, हवा वर जाते! तू दार खाली उघडतोयस! ती वर बसलीय छताला चिकटून, आणि तू तळातून तेल काढतोयस! तो स्क्रू वर असायला हवा ना? वर!"

एर्मेकनं कॅलिपरकडे पाहिलं. वाकून पाहिलं. मग मान उलटी करून पाहिलं. "डावीकडचा उजवीकडे बसलाय," तो सावकाश म्हणाला. "दोन्ही सारखेच दिसतात. बसतातही. फक्त उलटे होतात. पण मी डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे मांडून ठेवला होता! वर, तोरवर, नमद्यावर, अगदी..."

तो थांबला. तोर म्हणजे घरातली दारासमोरची मानाची जागा. तिथे पाहुणे बसतात. कॅलिपर बसत नाहीत.

आम्ही सगळ्यांनी अपांकडे पाहिलं. अपांनी ओढणी नीट केली.

"तुझ्या मामेसासूबाई आल्या होत्या त्या दिवशी," त्या मला म्हणाल्या. "तोरवर तेलकट लोखंड! मी उचललं आणि पिठाच्या रिकाम्या पोत्यात टाकलं. नंतर परत मांडून ठेवलं की त्याच जागी! मला काय ठाऊक, त्यांनाही डावंउजवं असतं ते?"

एर्मेक जमिनीवर बसला आणि हसायला लागला. आठवडाभरात पहिल्यांदा. मग आम्ही सगळेच. अपासुद्धा, आधी ओढणीआडून, मग उघड.

बाकीचं काम हातांचं होतं. त्यानं दोन्ही कॅलिपर काढून अदलाबदल केले; स्क्रू वर आले. अपा पॅडलवर, मी बाळाला घेऊन नळीपाशी.

"दाबा, अपा!"

"दाबलं!"

एर्मेकनं स्क्रू सैल केला आणि बाटलीत बुडबुडे उसळले. मोठे, छोटे, फेसाळलेले, एकामागून एक. सगळे बाटलीभोवती वाकले होते. कुणाचा कल्पाक कुणाच्या डोक्याला लागत होता.

"हा बघा गेला तुमचा पाहुणा, आके!" आजोबा वरून ओरडले. "निरोप द्या!"

दोन्ही बाजूंनी नुसतं तेल येऊ लागलं तेव्हा अपांनी एकदा पॅडल दाबलं. एकदाच. कडक. मग मी म्हटलं, चहा घेऊया. जुमागुल एजे म्हणाली, आता कशाला? मी म्हटलं, आताच तर. आम्ही आत गेलो, पुरता चहा प्यायलो, पाव-लोणी खाल्लं, आणि परत येऊन अपांनी पुन्हा एकदाच दाबलं.

कडक.

"अपा, कोंबड्यांना काही म्हणायचंय का?" एर्मेकनं विचारलं.

"त्यांचं त्यांना उद्या सकाळी," अपा म्हणाल्या.

चहाच्या वेळीच जुमागुल एजेला आठवलं होतं. "आके, तुम्ही पूर्वी दुधाचा टँकर चालवायचात ना? खिंडीवरून?"

आके पावाचा तुकडा मोडत होते. "चालवायचो."

"मग ब्रेक मऊ लागले की काय करायचात?"

त्यांनी तुकडा चहात बुडवला. "भराभर दाबायचो," ते म्हणाले. "सगळेच दाबतात."

अपा त्यांना काहीही बोलल्या नाहीत. घरी आलेल्याला आम्ही बोलत नाही. त्यांनी पुढ्यात गरम पाव ठेवला, गुडघ्याला लावायला चरबीची वाटीही दिली. फक्त बाहेर जाऊन खुंट्याचं बकरं सोडून दिलं. ते पांढरं कपाळ हलवत कळपाकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो तेव्हा आके फाटकाशी उभे. हातात पिशवी, डोक्यावर कल्पाक.

"खिंडीपलीकडे माझा मेहुणा असतो," ते म्हणाले. "म्हटलं, जागा असेल तर..."

"उपास?" मी विचारलं.

"काल सोडला."

"गुडघा?"

"चरबी चांगली होती." ते पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि स्वतःच दार ओढून घेतलं. त्यांनी पॅडलकडे एकदा नजर टाकली. ती ड्रायव्हरची नजर होती, उघड्या डोळ्यांची नव्हे. आणि खरं सांगते, कालच्या सगळ्या दगड-दगड गलक्यापेक्षा त्यांच्या त्या निवांत बसण्यानं माझी जास्त खात्री पटली. ब्रेक लागत होते.

पलीकडच्या उतारावर अपांच्या भावाचं वळण आलं. एर्मेकनं पॅडल एकदा दाबलं. गाडी जड होऊन, शहाण्या घोडीसारखी हळू झाली. अपांनी नेहमीप्रमाणे खिडकीला हात लावला, ओठ हलवले. मग तोच हात मागे आणून बेगिमायच्या पाठीवर ठेवला. मी तिला उभी धरली होती. आता आमच्या घरात पाजल्यावर पट्ट्या सोडून बाळाला उभं धरतात. नियम अपांचाच आहे. गावातल्या प्रत्येक नव्या आईला त्या स्वतः जाऊन सांगतात.

माझं मागणं फार मोठं नाही. कुणी ओरडून, फुंकून, धूर करून काही बरं केलं म्हणाला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याला चहा द्या. चहा होईपर्यंत त्या चमत्काराला कुणी हात लावू नका. मग तीच गोष्ट एकदाच, मंत्र न म्हणता, स्वतः करून बघा. आणि तरीही मन धजत नसेल, तर त्यालाच म्हणा, चला आमच्याबरोबर, पुढच्या सीटवर बसा.

तो बसत नसेल, तर आपली लेकरं त्या गाडीत बसवू नका.